आधी हत्यार, मग बाकी सारं: वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये वॉरियर कसा घडवायचा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा इंटरनेटवर खेळायचा खेळ २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्याचं जुन्या वळणाचं रूप, म्हणजे क्लासिक, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून नवखे लोक एकच चूक करत आले आहेत. चिलखत घातलेला, हातात परशू घेतलेला वॉरियर, म्हणजे लढवय्या, दिसतो रुबाबदार, म्हणून तो निवडतात आणि बाराव्या-पंधराव्या लेव्हलला वैतागून सोडून देतात. "हा तर दोन रानडुकरांनीच मरतो" ही तक्रार कायमची आहे.

तक्रार खोटी नाही. सुरुवातीच्या लेव्हलमध्ये वॉरियरइतका हाल सोसणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, दुसरा नाही. पण त्याचं कारण समजलं तर निम्मा त्रास वाचतो. मेजची, म्हणजे जादूगाराची, जादू ‘मना’ नावाच्या शक्तीवर चालते आणि हा मना बसून पाणी प्यायलं की भरतो. वॉरियरचं सगळं रेजवर, म्हणजे संतापावर, चालतं, आणि रेज बसून भरत नाही. ती मारल्याने आणि मार खाल्ल्याने भरते. हत्यार कमकुवत असेल तर फटका कमी बसतो, फटका कमी बसला की रेज कमी मिळते, रेज नाही म्हणून कौशल्यं वापरता येत नाहीत, आणि लढाई लांबली की मार जास्त खावा लागतो. खाली जे काही सांगितलं आहे ते या एका साखळीतूनच निघतं.

सगळे आकडे क्लासिक एराचे, म्हणजे ६० लेव्हलपर्यंतच्या खेळाचे आहेत. आजच्या मुख्य आवृत्तीत ते लागू होत नाहीत.

१. सुरू करण्याआधी काय जवळ हवं

- बॅटलनेटचं, म्हणजे खेळाच्या कंपनीचं, खातं, कायम वापरात असलेला ईमेल आणि मोबाइलवर ऑथेंटिकेटर.
- ज्यावर परदेशी व्यवहार चालू केले आहेत असं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर हे व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि मर्यादाही तिथेच ठरवावी लागते.
- शक्यतो एसएसडी असलेला संगणक. ग्राफिक्स जुनी आहेत, बेताच्या लॅपटॉपवरही खेळ चालतो. एसएसडी नसेल तर शहरात शिरताना चित्र अडकतं.
- बाजूला दोन बटणं असलेला माउस. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत साधा मिळतो, महागडा घ्यायची गरज नाही. एका बटणावर चार्ज, दुसऱ्यावर हॅमस्ट्रिंग (ही कौशल्यं चौथ्या भागात येतील).
- राउटरसाठी छोटा यूपीएस. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते पाहून घ्या.

कार्डाबद्दल एक इशारा. दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणारं सबस्क्रिप्शन भारतीय कार्डांवर बरेचदा अडकतं, कारण अशा व्यवहारांना २०२१ पासून वेगळी मंजुरी लागते. पेमेंट परत-परत नाकारलं जात असेल तर कार्डाशी झटापट करू नका, एकदाच पैसे भरून मिळणारा गेम टाइम घ्या. आणि फुकट चाचणी खात्यावर क्लासिक उघडत नाही. ते खातं मुख्य आवृत्तीत २० लेव्हलपर्यंतच चालतं. लाँचरमध्ये प्ले बटणाच्या वर आवृत्ती निवडायची यादी असते. तिथे क्लासिक एरा निवडलंय ना, हे डाउनलोड सुरू करण्याआधी बघा. चुकीची आवृत्ती उतरवण्यात एक अख्खी रात्र जाते.

२. सर्व्हर निवडताना घड्याळ बघा

पात्र घडवायला महिने जातात आणि ते एका रीजनमधून, म्हणजे सर्व्हरच्या भौगोलिक विभागातून, दुसऱ्या रीजनमध्ये नेता येत नाही. म्हणून हा निर्णय वंश आणि टॅलेंटपेक्षा मोठा.

युरोपातली मंडळी संध्याकाळी ७ ते ११ खेळतात. नागपुरात तेव्हा हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा ते साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेदहा ते अडीच वाजलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीची तीच वेळ आपल्याकडे दुपारी अडीच ते साडेसहा, आणि त्यांच्याकडे उन्हाळी वेळ लागू असताना दीड ते साडेपाच. नोकरी करणाऱ्याला युरोप सोयीचा. दुपारी मोकळ्या असणाऱ्या विद्यार्थ्याला सिडनीचे सर्व्हर जमतात.

पण सिडनी निवडणाऱ्यांनी मे महिन्याचा विचार आधीच करून ठेवावा. भर दुपारी, बाहेर ४५ अंश असताना, लॅपटॉप तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. चित्र अडखळायला लागतं आणि माणूस इंटरनेटला दोष देतो. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून हवा जायला जागा करा, फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. ती हवा दमट असते आणि धूळही आणते.

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असला तरी वॉरियर चालतो. बहुतेक कौशल्यांच्या मध्ये दीड सेकंदाचं अंतर असतंच. अडचण येते ती शत्रूचा मंत्र मध्येच तोडताना. तिथे मंत्राची पट्टी अर्धी भरण्याची वाट न बघता सुरू झाल्या-झाल्या बटण दाबायची सवय लावा.

वीज गेली तर काय होतं, हेही माहीत असू द्या. सराय किंवा शहर सोडून बाहेर कुठेही असाल तर लॉगआउट व्हायला २० सेकंद लागतात, आणि कनेक्शन तुटलं तरी पात्र तेवढा वेळ तिथेच उभं राहतं. लढाई चालू असेल तर मार खात. त्या २० सेकंदांसाठीच राउटरचा यूपीएस. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतोच.

३. वंश: आवडीचा घ्या, पण हत्याराकडे बघून

क्लासिकमधले आठही वंश वॉरियर होऊ शकतात. त्यामुळे चुकीचा असा वंश नाही.

ऑर्कला कुऱ्हाडींचं कौशल्य ५ ने जास्त मिळतं, ह्यूमनला तलवारी आणि गदांचं. आकडा छोटा दिसतो, पण साठाव्या लेव्हलला रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने केलेल्या स्वारीत, त्याची किंमत फार मोठी आहे, ते शेवटच्या टप्प्यात येईलच. ऑर्कची दुसरी जमेची बाजू म्हणजे स्टन (जागीच स्तब्ध होणं) टाळण्याची २५ टक्के जादा शक्यता. टॉरेनला ५ टक्के जास्त आयुष्य आणि वॉर स्टॉम्प मिळतो, टँक, म्हणजे गटासाठी मार झेलणारा, व्हायचं ठरलेलं असेल तर तो छान. ड्वार्फचा स्टोनफॉर्म विष आणि रक्तस्राव काढून टाकतो. नोमचा एस्केप आर्टिस्ट पायात अडकलेली मुळं सोडवतो. वॉरियरला लांब उभं करून मारणाऱ्यांविरुद्ध त्यासारखी सोय नाही.

अलायन्स की होर्ड, म्हणजे खेळातल्या दोन बाजूंपैकी कुठली, हे ठरवताना आणखी एक गोष्ट पाहा. क्लासिकमध्ये शमन हा क्लास फक्त होर्डकडे आणि पॅलाडिन हा क्लास फक्त अलायन्सकडे असतो. शमनच्या विंडफ्युरी टोटेममुळे वॉरियरला जादा फटके मिळतात. पॅलाडिनच्या आशीर्वादांनी बळ वाढतं, थ्रेट, म्हणजे शत्रू कुणावर वळेल हे ठरवणारा हिशोब, आटोक्यात राहतो आणि टँकला हीलिंगही भरवशाचं मिळतं. डॅमेजची हौस असेल तर होर्ड, शांतपणे टँकिंग करायचं असेल तर अलायन्स, असा आमचा कौल.

मित्र आधीच खेळत असतील तर मात्र ते ज्या बाजूला आहेत तीच बाजू. एकटा वॉरियर आणि सोबत हीलर, म्हणजे आयुष्य भरून देणारा, असलेला वॉरियर यांच्यातला फरक कुठल्याही वंशाने भरून निघत नाही.

४. पहिल्या दहा लेव्हल: फटका ओळखायला शिका

सुरुवातीला कुणीतरी सांगतं, "ढाल घे भाऊ, वाचशील." ऐकू नका. एकट्याने खेळताना दोन हातांचं, संथ हत्यार घ्या. हत्याराच्या माहितीत स्पीड लिहिलेला असतो. ३.३ किंवा जास्त असेल तर चांगलं. तुमची बरीचशी कौशल्यं हत्याराच्या एका फटक्याच्या ताकदीवर चालतात, आणि संथ हत्याराचा एकेक फटका जड असतो.

आता हिरोइक स्ट्राइक. हे पहिलंच कौशल्य, म्हणून नवखे ते सारखं दाबतात. त्याची किंमत १५ रेज लिहिलेली आहे, पण खरी किंमत जास्त पडते. हे कौशल्य तुमच्या पुढच्या साध्या फटक्याची जागा घेतं, आणि त्या साध्या फटक्याने जी रेज मिळाली असती ती बुडते. साठाव्या लेव्हलचा हिशोब पाहा. २३१ च्या आसपास डॅमेज केलं की साडेसात रेज मिळते. तेवढाच मार खाल्ला तर फक्त अडीच. म्हणजे ३०० चा साधा फटका जवळपास १० रेज आणतो. त्याच्या जागी हिरोइक स्ट्राइक गेला की १५ गेले आणि १० आले नाहीत. एकूण फटका २५ चा. म्हणून रेज भरून वाहत असेल तेव्हाच तो वापरायचा.

चौथ्या लेव्हलला चार्ज मिळतो आणि खेळाचा बाज बदलतो. ८ ते २५ यार्डांवरून धावत जाऊन शत्रूला क्षणभर स्तब्ध करायचं आणि ९ रेज घ्यायची. याच लेव्हलला रेंड, म्हणजे रक्तस्राव करणारा वार, येतो, त्याला लागते १० रेज. एक कमी पडते! त्यामुळे चार्ज, एक साधा फटका, मग रेंड, असा क्रम बसतो. आधीच्या लढाईची रेज उरली असेल तर ती ओसरण्याआधी बॅटल शाउट, म्हणजे फटक्याची ताकद वाढवणारी आरोळी, देऊन टाका आणि मग पुढच्यावर चार्ज करा. शाउट दोन मिनिटं टिकतो. एलिमेंटल आणि यांत्रिक शत्रूंवर रेंड लागू होत नाही, तिथे ती रेज वाया जाते.

आठव्या लेव्हलचा हॅमस्ट्रिंग कमी लेखू नका. माणसासारखे शत्रू, म्हणजे डाकू, नोल, मरलॉक, आयुष्य संपत आलं की पळत सुटतात आणि तीन सोबती घेऊन परत येतात. वॉरियर सगळ्यात जास्त याच कारणाने मरतो. शत्रूचं आयुष्य पाव उरलं की १० रेज बाजूला ठेवा आणि पायावर हॅमस्ट्रिंग मारा, त्याचा वेग कमी होतो.

आणि आपल्यापेक्षा एक-दोन लेव्हल खालच्या शत्रूंशी लढा. तीन लेव्हल वरचा शत्रू तुमचे फटके जास्त चुकवतो, चुकलेल्या फटक्याची रेज मिळत नाही, आणि तीच साखळी पुन्हा सुरू होते. क्वेस्ट, म्हणजे खेळात दिलेली कामगिरी, लाल किंवा नारिंगी दिसत असेल तर ती ठेवून द्या, दोन लेव्हलनंतर या.

५. बँडेज आणि धारदगड

फर्स्ट एड शिकणं वॉरियरला सक्तीचं समजा. लिननच्या साध्या बँडेजने ६ सेकंदांत ६६ आयुष्य भरतं, हेवी लिननने ११४. एकदा बांधलं की मिनिटभर पुन्हा बांधता येत नाही, आणि बांधताना मार बसला तर ते तुटतं. दर दुसऱ्या-तिसऱ्या लढाईनंतर एक बँडेज बांधलं तर बसून खाण्याचा वेळ खूप वाचतो. कापड विकू नका.

दोन मुख्य व्यवसायांत मायनिंग आणि ब्लॅकस्मिथिंग सुरुवातीला बरे पडतात, आणि त्याचं कारण चिलखत नाही. खाणीतून निघालेल्या एका साध्या दगडातून एक रफ शार्पनिंग स्टोन बनतो आणि तो हत्याराला अर्ध्या तासासाठी २ डॅमेज जास्त देतो. सातव्या लेव्हलला, जेव्हा फटकाच १२-१५ चा असतो, तेव्हा हे २ म्हणजे चांगलीच भर आहे. पुढचे दगड अनुक्रमे ३, ४, ६ आणि ८ देतात. धारदगड तलवार-कुऱ्हाडीला. गदा असेल तर वेटस्टोन बनवा, त्याला दगडासोबत कापडही लागतं. पैसाच कमवायचा असेल तर मायनिंगबरोबर स्किनिंग घ्या आणि धारदगड लिलावात विकत घ्या.

नवीन प्रकारचं हत्यार घेण्याआधी शहरातल्या वेपन मास्टरकडून ते शिकावं लागतं. बहुतेकांना १० सिल्व्हर पडतात. शिकल्यावर कौशल्य १ पासून सुरू होतं आणि कमाल मर्यादा लेव्हलच्या पाचपट असते. पंचविसाव्या लेव्हलला भारी गदा मिळाली म्हणून लगेच तिच्यासह अवघड क्वेस्टला जाऊ नका. फटके चुकत राहतील. आधी आपल्यापेक्षा खालच्या लेव्हलच्या शत्रूंवर अर्धा तास हात बसवा.

६. दहावी आणि तिसावी लेव्हल: या क्वेस्ट टाळायच्या नाहीत

दहाव्या लेव्हलला ट्रेनर डिफेन्सिव्ह स्टॅन्सची, म्हणजे बचावाच्या पवित्र्याची, क्वेस्ट देतो. ती केल्यावर स्टॅन्ससोबत टॉन्ट (शत्रूला आपल्याकडे वळवणं) आणि संडर आर्मर (त्याचं चिलखत कमकुवत करणं) ही कौशल्यंही मिळतात. बरेच जण "मला टँक व्हायचं नाही" म्हणून ती सोडतात आणि अठराव्या लेव्हलला डेडमाइन्स या डंजनच्या, म्हणजे गटाने लढायच्या जागेच्या, दारात उभे राहून गोंधळतात.

तिसाव्या लेव्हलची क्वेस्ट तुम्हाला बॅरन्सच्या किनाऱ्याजवळच्या फ्रे बेटावर पाठवते. तिथे प्रतिस्पर्धी एकामागून एक अंगावर येतात, शेवटी बिग विल नावाचा पैलवान. आधी पूर्ण आयुष्य, खिशात बँडेज आणि आरोग्याची एक बाटली. ती जिंकलात की बर्सर्कर स्टॅन्स, म्हणजे आक्रमक पवित्रा, आणि इंटरसेप्ट हाती येतं.

तिथेच थांबू नका. पुढची साखळी अल्टरॅक पर्वतातल्या बाथराह नावाच्या पवनद्रष्ट्याकडे नेते, आणि तिच्या शेवटी मिळणारं व्हर्लविंड हत्यार हे लेव्हलिंगमधलं सगळ्यात मोठं बक्षीस आहे. परशू, तलवार, गदा यांतलं एक निवडायचं. परशूचा स्पीड ३.६ आहे आणि पुढच्या सात-आठ लेव्हल दुसरं काही शोधायची गरज पडत नाही. साहित्य मात्र दूरदूरचं लागतं: लाइफरूट वनस्पती, स्ट्रँगलथॉर्नमधल्या ब्लडस्काल्प ट्रोलांचे सुळे, अराथीमधल्या एलिमेंटलकडचा ऐवज. लाइफरूट लिलावात मिळतं. शेवटी सायक्लोनियन नावाचं वादळ उभं राहतं आणि ते तिसाव्या लेव्हलच्या एकट्या वॉरियरला पडत नाही. गिल्डमधल्या, म्हणजे आपल्या खेळाडू-मंडळातल्या, वरच्या लेव्हलच्या दोघांना विनंती करा. हे हत्यार म्हणजे काय ते जुन्या खेळाडूंना माहीत असतं, ते सहसा नाही म्हणत नाहीत.

७. टॅलेंट: चाळिसाव्या लेव्हलपर्यंत हा क्रम

दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट, साठाव्याला एकूण ५१. फ्युरी, म्हणजे दोन हातांत दोन हत्यारं, दिसायला भारी आहे. पण दोन हत्यारं धरली की साधे फटके चुकण्याची शक्यता १९ टक्क्यांनी वाढते. चांगल्या सामानाशिवाय ते परवडत नाही. लेव्हलिंगला दोन हातांच्या एका हत्याराची आर्म्स शाखाच.

- १० ते १२: इम्प्रूव्ह्ड रेंड ३
- १३, १४: इम्प्रूव्ह्ड हिरोइक स्ट्राइक २
- १५ ते १९: टॅक्टिकल मास्टरी ५
- २०, २१: इम्प्रूव्ह्ड ओव्हरपॉवर २
- २२: अँगर मॅनेजमेंट
- २३ ते २५: डीप वुंड्स ३
- २६ ते २९: टू-हँडेड वेपन स्पेशलायझेशन ४
- ३०: स्वीपिंग स्ट्राइक्स
- ३१: टू-हँडेडचा पाचवा पॉइंट
- ३२ ते ३६: हातात असलेल्या हत्याराचं स्पेशलायझेशन ५
- ३७, ३८: इम्पेल २
- ३९: हिरोइक स्ट्राइकचा तिसरा
- ४०: मॉर्टल स्ट्राइक

इम्प्रूव्ह्ड रेंड आधी का, असा प्रश्न पडतो. त्याचे तीन पॉइंट भरल्याशिवाय डीप वुंड्स उघडत नाही, आणि डीप वुंड्सशिवाय इम्पेल नाही.

टॅक्टिकल मास्टरीवर थोडं थांबायला हवं. ती नसेल तर स्टॅन्स बदलल्याक्षणी सगळी रेज शून्य होते. पाच पॉइंट भरले की २५ पर्यंत रेज शिल्लक राहते. एकदा हे जमलं की वॉरियर खऱ्या अर्थाने खेळायला लागतो. उदाहरण: बर्सर्कर स्टॅन्समध्ये लढताय, शत्रूने फटका चुकवला. ओव्हरपॉवरची संधी पाच सेकंद टिकते, ते फक्त बॅटल स्टॅन्समध्ये चालतं, आणि रेज लागते फक्त ५. बॅटल स्टॅन्सचं बटण, ओव्हरपॉवर, पुन्हा बर्सर्कर. तीन बटणं एका ओळीत, सहज बोट पोचेल अशी लावा. माउसने आयकॉनवर टिचक्या मारून हे कधीच वेळेत होत नाही.

विसाव्या लेव्हलचं रिटॅलिएशन अर्ध्या तासातून एकदा मिळतं. पंधरा सेकंद, समोरून मारणाऱ्या प्रत्येकाला उलटा फटका. चार-पाच जण अंगावर आले तर पळायच्या ऐवजी त्यांना समोर ठेवून हे दाबा. मागे कुणी असेल त्याला ते लागत नाही. भिंतीला पाठ लावा.

चोविसाव्याला एक्झिक्यूट. शत्रूचं आयुष्य २० टक्क्यांखाली गेलं की १५ रेजमध्ये मोठा फटका, आणि उरलेली सगळी रेजही त्यातच ओतली जाते. त्यामुळे शत्रू २५ टक्क्यांवर आला की दुसरं काही दाबू नका, साठवा.

८. पैसा कुठे घालायचा

हत्यारावर. दर पाच-सहा लेव्हलला हत्यार बदललं नाही तर तुम्ही मागे पडता. छातीचं चिलखत दहा लेव्हल जुनं असलं तरी चालतं. होर्ड असो की अलायन्स, चाळिशीच्या जवळ आलात की स्कार्लेट मोनास्टरीच्या आर्मरी भागात हेरॉड या बॉसकडे फेऱ्या मारा. त्याच्याकडचा रॅव्हेजर हा परशू सदतिसाव्या लेव्हलला वापरता येतो. अलायन्सला त्याच मठाच्या क्वेस्टमधून बोनबायटर मिळतो, तो तर नक्की मिळणार असतो, नशिबावर नाही.

सामानावरचे आकडे निवडताना स्ट्रेंग्थ आधी. १ स्ट्रेंग्थ म्हणजे २ अटॅक पॉवर, आणि १४ अटॅक पॉवर म्हणजे सेकंदाला १ डॅमेज. २० अजिलिटीला १ टक्का क्रिट, म्हणजे दुप्पट फटका बसण्याची शक्यता. लिलावात 'ऑफ द बेअर' म्हणजे स्ट्रेंग्थ आणि स्टॅमिना, 'ऑफ द टायगर' म्हणजे स्ट्रेंग्थ आणि अजिलिटी. 'ऑफ द ईगल' स्वस्त दिसला तरी नको, त्यातलं इंटलेक्ट वॉरियरच्या काही कामाचं नाही.

चाळिसाव्या लेव्हलला घोडा आणि स्वारी मिळून साधारण १०० गोल्ड लागतात. पस्तिशीपासून साठवायला घ्या. त्याच लेव्हलला ट्रेनर प्लेट चिलखत शिकवतो. अडचण आहे म्हणून बाहेरून पैसे देऊन गोल्ड विकत घेऊ नका. खात्यावर बंदी येते, आणि महिनोन्‌महिने घडवलेलं पात्र त्यासोबत जातं.

परीक्षेच्या काळात खेळ बंद ठेवावा लागतो, त्याचाही उपयोग करून घ्या. सरायमध्ये जाऊन लॉगआउट केलं की दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के इतका विश्रांतीचा अनुभव साठतो. दहा दिवसांत दीड लेव्हल, तीच कमाल मर्यादा. तेवढं संपेपर्यंत प्रत्येक शत्रूमागे दुप्पट अनुभव मिळतो. विद्यापीठाचे पेपर सुरू होण्याच्या आदल्या रात्री पात्र रानात सोडून झोपू नका, सरायपर्यंत नेऊन ठेवा.

९. डंजनमध्ये टँक

तुम्हाला हवं असो वा नसो, "टँक करून राहिला का भाऊ?" हा निरोप येतोच. चांगल्या टँकची सगळीकडे वानवा आहे. साठाव्या लेव्हलच्या आत यासाठी टॅलेंट बदलायची गरज नाही. आर्म्सचा वॉरियर एकहाती हत्यार आणि ढाल घेऊन सगळी डंजन सांभाळतो. ती दोन्ही पिशवीत कायम ठेवा, हत्याराचं कौशल्यही वाढवून ठेवा.

डिफेन्सिव्ह स्टॅन्समध्ये थ्रेट ३० टक्क्यांनी वाढतो आणि मार १० टक्क्यांनी कमी बसतो. शत्रू तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे कधी वळतो? जवळ उभ्या असलेल्याचा थ्रेट तुमच्या ११० टक्क्यांवर गेला की, आणि दुरून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांवर गेला की. म्हणून मेजला सांगा, लांबच उभं राहा.

लढाईचा क्रम असा ठेवा:

आधी हीलरच्या मना-पट्टीकडे नजर. अर्ध्याखाली असेल तर थांबा, कुणी कितीही घाई केली तरी. मग पहिल्या शत्रूवर कवटीची खूण, दुसऱ्यावर फुलीची. बाण किंवा बंदुकीने एकाला खेचा आणि कोपऱ्याआड या. मंत्र मारणारे शत्रू लांब उभे राहतात, कोपऱ्याआड गेलात की त्यांनाही जवळ यावं लागतं. शत्रूचं तोंड सोबत्यांपासून दुसरीकडे वळवा. कवटीवर दोन संडर, फुलीवर एक, तिसऱ्यावर एक, परत कवटीवर. संडर एकावर पाचपर्यंत चढतो. रेज उरली तर डिमोरलायझिंग शाउट.

टॉन्ट सुरुवातीलाच उडवू नका. टॉन्ट तुमचा थ्रेट सगळ्यात वर असलेल्याच्या बरोबरीला आणतो. तुम्हीच वर असाल तर काहीच होत नाही, आणि दहा सेकंद बटण बंद. शत्रू हीलरकडे धावला की तेव्हा टॉन्ट, आणि लगेच त्याच्यावर संडर. नुसता टॉन्ट करून सोडलात तर तो पुन्हा पळतो.

इंटिमिडेटिंग शाउट डंजनमध्ये वापरू नका. घाबरलेले शत्रू पुढच्या खोलीत पळतात आणि तिथली सगळी फौज घेऊन येतात.

१०. साठाव्या लेव्हलला पोचल्यावर

इथे वाट फुटते. रेडमध्ये मुख्य टँक दोन-तीनच लागतात, बाकीचे वॉरियर फ्युरीने डॅमेज करतात, आणि सामान चांगलं असेल तर यादीत सगळ्यात वर असतात. यासाठी आधी हिट, म्हणजे फटका न चुकण्याची जादा शक्यता, लागतो. रेडचा बॉस ६३ लेव्हलचा धरला जातो. हत्याराचं कौशल्य ३०० असेल तर कौशल्यांचे फटके न चुकण्यासाठी ९ टक्के हिट हवा. ३०५ असेल तर ६ टक्के पुरतो. ऑर्कची कुऱ्हाड आणि ह्यूमनची तलवार इथे कामी येते. तीन टक्के हिट वाचला म्हणजे दोन जागी क्रिट आणि स्ट्रेंग्थचं सामान घालता येतं. दुसरा वंश असेल तर कौशल्य वाढवणारे हातमोजे वगैरे शोधायचे. वाट बंद नाही, लांबची आहे.

रेडमध्ये लागणाऱ्या वेळेबद्दल गिल्डला आधीच साफ सांगा. युरोपचा रेड आपल्या मध्यरात्री सुरू होतो, तो तीन तास चालला तर सकाळच्या ड्युटीवर त्याचा परिणाम होणार. आठवड्यातून एकच रात्र देता येत असेल तर तसंच सांगा. शब्द देऊन ऐनवेळी न येणाऱ्यापेक्षा एकच रात्र पण नक्की येणारा खेळाडू गिल्डला हवा असतो. घरचे झोपलेले असताना बोलता येत नसेल तर नुसतं ऐकत राहा, तेही चालतं.

टॅलेंट बदलायला पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग दर वेळी ५ ने वाढत कमाल ५०. त्यामुळे आज टँक, उद्या फ्युरी असं दर आठवड्याला करू नका. एक भूमिका ठरवा, तिचं सामान पूर्ण करा आणि दुसऱ्या भूमिकेचं सामान बँकेत साठवत राहा. बदलायची वेळ आली तर ज्या हत्याराने खेळायचं आहे त्याचं कौशल्य ३०० झालंय का, ते ट्रेनरकडे जाण्याआधी पात्राच्या स्किलच्या पानावर बघून घ्या.